बक्षिसापलीकडचे गणित

(म्हसळा येथील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज येथे बक्षिसे वाटली जाणार आहेत आणि मी बोलणार आहे ती नाकारणाऱ्या माणसाविषयी. हा औचित्यभंग आपण पोटात घालावा.

पॉइन्कारे या फ्रेंच गणितज्ञाने १९०४ मध्ये मांडलेला प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे अनिर्णित होता. रशियाच्या ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००२-०३ मध्ये तो सोडविला. २००६ मध्ये गणितातील सर्वोच्च मानले जाणारे फील्ड्स पदक त्यांनी नाकारले. २०१० मध्ये दहा लाख डॉलर्सही नाकारले. हा विक्षिप्तपणा नव्हता. ज्यांच्या पद्धतीवर आपली सिद्धता उभी आहे, त्या अमेरिकेच्या रिचर्ड हॅमिल्टन यांचे श्रेय आपल्याहून कमी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नकाराच्या मुळाशी न्यायबुद्धी होती.

आता आपल्या घरात पाहू. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. ते त्यांनी घेतले. पण त्यावर ते थांबले नाहीत. देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिक्षकी करीत ते अंकांत रमले. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान मांडणी करून वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर तेच करीत राहा. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ येतेच! त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर बरोबर सातव्या पायरीला येते. घरी करून पाहा.

येथील अनेकांनी हे संशोधन क्षुल्लक मानले. पदव्युत्तर पदवी नव्हती, निवृत्तिवेतन अपुरे, म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील नियतकालिकात लिहिले, तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली. म्हणजे दखलही परक्यांनी घ्यायची! अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, हर्ष देणाऱ्या. त्यांचे पारितोषिक त्या नावातच होते.

पेरेलमान यांनी कीर्ती नाकारली. कापरेकरांनी तिची वाट पाहिली नाही. निष्काम कर्म ते हेच. आम्ही पत्रकारही माणसाविषयी लिहिण्यापूर्वी ‘पुरस्कार कोणता?’ असे विचारतो. तो दोष माझाही आहे.

मुलांनो, बक्षीस आनंदाने घ्या. पालकांनो, आज ज्यांचे नाव पुकारले जाणार नाही, त्या मुलाला घरी गेल्यावर गुण विचारू नका. त्याला हर्ष कशात वाटतो, तेवढे विचारा.