बायकांचे बोल कोणी जपावेत?

(मंडळाच्या वर्धापनदिनी हर्सूल येथे केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. तरी 'स्त्रियांच्या लेखनाचे संशोधन' हा विषय मंडळाने माझ्या पदरात टाकला. कारण एवढेच, की माझी मुलगी मराठी घेऊन एम.ए. करीत आहे. तिने मला जे समजावून दिले ते मी आपल्यापुढे मांडते, आणि शेवटी माझी एक चूकही कबूल करते.

मला आधी वाटे, संशोधन व्हावे ते औषधांचे, बियाण्यांचे. बायकांनी लिहिलेल्यात काय शोधायचे? मुलगी म्हणाली, "आई, आधी ते सापडायला तर हवे!"

शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचेच पाहा. सुरतेकडील एका तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि सगळ्या स्त्रीजातीला नावे ठेवली जाऊ लागली. तेव्हा ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून रोखठोक जाब विचारला. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली! १९९४ साली रोझलिंड ओ'हॅनलन या विदुषींनी ते इंग्रजीत नेले. कोणी शोधले नसते, तर ताराबाईंचे नावही आपल्या कानी आले नसते.

आपल्या जिल्ह्यातल्या शिऊरच्या संत बहिणाबाई तर आपल्या घरच्याच. जन्म देवगावचा, १६२८ चा. तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, आणि तेही त्यांनी आपल्या अभंगांत सांगून ठेवले. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन पाद्र्यांनी १९२९ साली त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत आणले. आपण शिऊरला दर्शनाला जातो, हात जोडतो. पण त्या काय म्हणाल्या ते किती जणींनी वाचले आहे? मीही वाचले नव्हते.

ही झाली जुनी माणसे. अलीकडचे सांगते. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवीत. गल्ल्यावर बसून त्यांनी आपल्या समाजाची हकिगत लिहिली आणि घरच्यांच्या भीतीने कित्येक वर्षे लपवून ठेवली. मॅक्सीन बर्नसन या विदुषी फलटणलाच राहत. त्यांनी बेबीताईंना ते छापण्याचा धीर दिला. 'जिणं आमुचं' हे त्यांचे पुस्तक १९८६ साली निघाले आणि पुढे इंग्रजीतही गेले.

आता योगायोग पाहा. फ्रान्समधील अ‍ॅनी एर्नो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या आईवडिलांचेही एका लहानशा गावात किराणा दुकान आणि चहाकॉफीचा गुत्ता होता. आईला म्हातारपणी विस्मरण जडले आणि १९८६ साली ती वारली. तिच्यावर या लेकीने पुस्तक लिहिले. तिकडे फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषांतील आजच्या लेखिकांचा विद्यापीठांतून स्वतंत्र अभ्यास होतो. दुकानदारणीची लेक आईबद्दल काय लिहिते, हे तिथे पंडितही मान खाली घालून वाचतात.

"पण आपल्या सासवांना लिहिता कुठे येत होते?" असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. एक लाखाहून अधिक! गाणारीचे नाव आणि गाव यांसह. त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या बायकाही आहेत. म्हणजे लिहिता न येणाऱ्या बाईचेही साहित्य असते. ते कागदावर उतरविणारे कोणीतरी हवे.

आता माझी चूक. माझ्या सासूबाई दुपारी गहू निवडताना ओव्या म्हणत. दहा वर्षांपूर्वी मुलाची दहावी होती. मी एकदा म्हटले, "सासूबाई, पुरे आता ते. पोराचा अभ्यास होऊ द्या." त्या तत्काळ गप्प झाल्या, त्या गप्पच राहिल्या. घर मुके झाले आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

गेल्या वर्षी मुलीला ओव्या लिहून न्यायच्या होत्या. ती वही घेऊन बसली. सासूबाई म्हणाल्या, "गेलं गं बाई सगळं." मला फार लागले. पुढे शेजारच्या लग्नात हळद दळायला जाते मांडले. सासूबाईंनी खुंट्याला हात घातला, दोन वेढे दिले, आणि ओठ हलू लागले. डोक्यातून गेले होते ते हाताने आठवले म्हणा! मुलीने अकरा ओव्या उतरवून घेतल्या. त्यांतली एक माझ्यावर होती. सून घरात आली, आता बोलायला माणूस मिळाले, अशा अर्थाची. मी घरात आले त्या वर्षीच त्यांनी ती रचली होती. आणि मी काय केले, ते आताच सांगितले.

म्हणून भगिनींनो, माझी एक सूचना आहे. मंडळाने एक जाड वही घ्यावी. हर्सुलात ज्यांच्या घरी आजी, आत्या, मावशी आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ बसावे. आधी त्यांचे नाव, माहेरचे गाव आणि तारीख लिहावी; मग त्या म्हणतील ते, त्यांच्याच बोलीत. आपण शहाणपणा करून शब्द सुधारू नयेत. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत वही भरली नाही तरी चालेल, पण वाट पाहू नका. माझ्या सासूबाईंच्या त्या अकराच उरल्या आहेत.