परसातला ढीग पेटवण्याआधी



आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, उरकली की खानदेशातल्या नशिराबादसारख्या गावांत घरामागचं परस साफ करायची लगबग सुरू होते. मृगाच्या पावसावर गिलकी, दोडकी, डांगराचे वेल लावायचे असतात. बाभळीच्या फांद्या, निंबाचा पाला, वाळलेले वेल, कपाशीच्या पराट्या, सगळं एका कोपऱ्यात रचायचं आणि काडी लावायची. जागा मोकळी होते, शिवाय राखेचं खत मिळालं असंही वाटतं.

राखेत पालाश असतं, चुना असतो, थोडं स्फुरदही असतं. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र बहुतेक धुरावाटे निघून जातात. खानदेशच्या काळ्या जमिनीत चुना मुळातच भरपूर. वानवा आहे ती नत्राची आणि सेंद्रिय कर्बाची. म्हणजे जमिनीला जे हवं, नेमकं तेच आपण जाळतो. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, पण तिथली माती आम्लधर्मी आहे. आपली अल्कधर्मी; तिला राख चिमटीनंच द्यावी.

एक पावसाळा खाल्लेला जुना ढीग कधी उचकून पाहा. वरच्या काड्या कडक, पण तळाची पानं काळी, भुसभुशीत झालेली असतात. त्यांवर बुरशीचे पांढरे धागे पसरलेले असतात आणि खालची माती ओलसर लागते. हेच खत.

ते घडवण्याची चांगली रीत महाराष्ट्रातच जन्मली. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ टाकी 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. विटांत हवेसाठी भोकं. काडीकचरा, शेणकाला, चाळलेली माती असे थर द्यायचे, ओल राखायची. तीन-चार महिन्यांत खत तयार. परसात लहान टाकीही चालते. फांद्या तेवढ्या वीत-वीत तोडून घाला.

तरीही काही गोष्टी जाळाव्याच लागतात: वेड्या बाभळीचे काटे, रोगट वेल, पराट्यांवरची किडकी बोंडं. त्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून पराट्या पावसाळ्यापर्यंत रचून ठेवू नका. जाळायचं ते थोडं थोडं, वारा पडलेला असताना, कडब्याच्या गंजीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब. पाण्याची टाकी भरलेली हवी. जुना ढीग आधी काठीनं हलवा. त्यात मुंगूस, सरडे, साप आसऱ्याला असतात. प्लास्टिक तर जाळात मुळीच नको. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5,000 रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं 2016 मध्येच दिला आहे.

तेव्हा श्रोतेहो, यंदा काडी ओढण्याआधी ढीग निवडा. काटेरी आणि रोगट तेवढं बाजूला काढा, उरलेलं मातीला द्या.