एक वर्ष पुढची मैत्रीण

(सोलापुरात पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थिनींच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी मुख्यतः दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलणार आहे. पहिल्या वर्षाच्या मुलींनीही ऐकावं, पुढच्या वर्षी पाळी त्यांची आहे.

२००४ साली सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या, शहरातल्या विडी कामगारांच्या घरांतल्या मुली एम. ए., एम. एस्सी.ला येतात. पण घरात विचारायला कुणी नसतं. दिवसभर विड्या वळणाऱ्या आईला लेकीचं कौतुक असतं. शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा हे तिला कोण सांगणार?

माझंही तेच झालं. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही आणि वर्षाची शिष्यवृत्ती गेली. खरी बोच मात्र पुढची आहे. दुसऱ्या वर्षी एका नव्या मुलीनं मला तेच विचारलं. मी घाईत होते. म्हणाले, "नोटीस बोर्ड वाचत जा." दिवाळीनंतर ती आलीच नाही. फी भरता आली नाही, घरच्यांनी लग्न ठरवलं. माझ्या एका वाक्यानं तिचं शिक्षण थांबलं असं नाही. पण तासभर काढून तिच्याबरोबर सेतू केंद्रात जाणं मला जमलं असतं.

म्हणून मागणं एवढंच : प्रत्येकीनं दोन नव्या मुलींची सोबत करावी. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा भेटावं. दाखले, तारखा, ग्रंथालय, जुन्या प्रश्नपत्रिका, शेवटची एस. टी. सगळं सांगावं. इंग्रजी पुस्तकाची भीती आपल्यालाही वाटली होती, हेही सांगावं. त्या बदल्यात कामं सांगू नयेत. ही सोबत आहे, ताईगिरी नव्हे.

आणखी एक. कुणी शिक्षक त्रास देतो असं तिनं सांगितलं, तर "सांभाळून घे, मार्क त्यांच्या हातात आहेत" असं म्हणू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. निवाडा करणं आपलं काम नाही. तिची इच्छा असेल तर तक्रार लिहिताना शेजारी बसा, आणि तिची गोष्ट चारचौघींत नेऊ नका.

यासाठी पैसा लागत नाही, परिपत्रक लागत नाही. जाण्याआधी दोन नावं लिहून घ्या, आणि उद्या त्यांना चहाला बोलवा.