गुणवत्ता यादीतील वरचा क्रमांक आणि आपले विद्यार्थी
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला 'बारावीनंतर काय?' हा विषय दिला होता. तो आम्ही थोडा मागे ओढून घेतला आहे. बारावीनंतर काय होणार, हे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत बरेचसे ठरून गेलेले असते. म्हणून आज बोलायचे ते त्या दोन वर्षांबद्दल, आणि तेही नुसते पास होण्याबद्दल नव्हे, तर वरच्या क्रमांकाबद्दल.

आपल्या वस्तीत एक वाक्य फार ऐकू येते. "आपल्याला कशाला एवढे मार्क पाहिजेत? आपलं सवलतीत बसतं." बोलणारा मायेनेच बोलतो, पण हे वाक्य दहा वेळा कानावर पडले की मुलगा तेवढ्याचीच तयारी करतो. आमचा या वाक्याला विरोध आहे. राखीव जागा हा घटनेने मान्य केलेला हक्क आहे, त्याबद्दल मान खाली घालण्याचे काही कारण नाही. आमचा विरोध हिशेबाचा आहे.

तो हिशेब असा. मागासवर्गीय उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत आला, तर त्याची गणना राखीव जागांत करायची नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या मंडल निकालात सांगितले. पुढे १९९६ साली महाराष्ट्रातल्याच वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात तेच तत्त्व प्रवेशालाही लावले. याचा अर्थ काय होतो पाहा. आपली एखादी मुलगी वरच्या क्रमांकाने खुल्या जागेवर बसली, की राखीव जागा शिल्लक राहते आणि ती मागच्या क्रमांकावरच्या एखाद्या खेड्यातल्या मुलाला मिळते. एका मुलीच्या अभ्यासातून दोन घरांत डॉक्टर होतात. उलट जो मुलगा ऐंशी टक्के मिळवू शकत असताना साठावर थांबतो, तो दुसऱ्याची जागा अडवतो. हे कठोर वाटेल, पण आमचे मत असेच आहे.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. हा आकडा हल्ली कमी मार्कांची ढाल म्हणून पुढे केला जातो. ढाल करणारे पुढचे सांगत नाहीत. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सारे कुटुंब, रात्री दोन वाजता वडिलांनी उठवायचे आणि दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचायचे, अशा स्थितीतले ते गुण होते. त्याच विद्यार्थ्याने १९१२ साली बी.ए. केले आणि १९१३ साली तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. तेव्हा २८२ चा आकडा सांगायचा तर दोन वाजता उठण्यासकट सांगावा.

आता क्रमांक म्हणजे काय ते समजून घेऊ. गुण तुमचे एकट्याचे असतात, क्रमांक इतरांच्या तुलनेत ठरतो. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा अनेक सत्रांत होतात, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. त्यामुळे निकाल पर्सेंटाइलमध्ये देतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, आणि पालकांचा येथेच गोंधळ होतो. ९५ पर्सेंटाइल ऐकून घरात पेढे वाटतात. पण समजा तीन लाख विद्यार्थी परीक्षेला बसले, तर ९५ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे १५ हजार जण असतात. ९९ वाल्याच्या पुढे ३ हजार. पुण्याचे सीओईपी किंवा माटुंग्याचे व्हीजेटीआय यांच्यातल्या मागणीच्या शाखा ज्यांना हव्या आहेत, त्यांनी शेवटच्या त्या एका टक्क्याचा विचार केला पाहिजे.

प्रत्येक परीक्षेचा स्वभाव वेगळा आहे. सीईटीच्या इंजिनिअरिंग गटात २०० गुणांपैकी एकट्या गणिताला १०० आहेत. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीटमध्ये मात्र बरोबरला ४ आणि चुकीला उणे १. समजा दोन मुलांची १३० उत्तरे बरोबर आली. एकाने सगळे १८० प्रश्न सोडवून ५० चुकवले, त्याला ४७०. दुसऱ्याने १५० वर हात थांबवला, त्याचे २० चुकले, त्याला ५००. ज्ञान दोघांचे सारखे, पण तीस गुणांच्या फरकात क्रमांक हजारोंनी मागे जातो. कुठे हात थांबवायचा हेही शिकावे लागते, आणि ते घड्याळ लावून सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांतूनच येते. लातूरच्या मुलांचे नाव एवढे झाले त्यामागे जादू नाही, पुनःपुन्हा घेतलेल्या सराव परीक्षा आहेत.

आमचा आग्रह एका वहीचा आहे. चुकांची वही. सराव परीक्षेत चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात उतरवायचा आणि का चुकला ते शेजारी लिहायचे: सूत्र आठवले नाही, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही. महिनाभराने वही उघडली की आपला शत्रू कोण ते दिसते. बहुतेकांना वाटते अवघड धडे आपल्याला मागे ठेवतात. वही वेगळेच सांगते. नवी जाडजूड गाइडे घेण्याआधी क्रमिक पुस्तक कोळून प्यावे. सीईटीला बालभारतीचे, नीट-जेईईला एनसीईआरटीचे.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दोन शब्द. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात. सीईटीचे गणित मात्र इंग्रजीतच असते आणि जेईई अॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी-हिंदीत. तेव्हा अकरावीच्या पहिल्या दिवसापासून संज्ञा दोन्ही भाषांत लिहीत जा. विषय समजला असताना शब्द अडला म्हणून गुण जावेत, याचे वाईट वाटते.

क्लासची फी भरली म्हणून पुष्कळ मुले कॉलेजकडे आणि बोर्डाकडे पाठ फिरवतात. "बोर्डाला कोण विचारतो?" असे क्लासवालेच सांगतात. आम्ही विचारतो. सीईटीतून इंजिनिअरिंगला जायचे तरी बारावीच्या संबंधित विषयांत मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. आयआयटी आणि एनआयटीला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यालाही बारावीत ६५ टक्के, नाहीतर आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. जेईईचा क्रमांक हातात आणि बारावीला ६१, असे झाले तर त्या क्रमांकाचे काय करणार? शिवाय फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. ते आपल्या जर्नलमध्ये पडून असतात.

माता-भगिनींना एक विनंती. परीक्षेच्या वर्षी मुलगा वाचत बसला की टीव्हीचा आवाज कमी होतो, मुलगी वाचत बसली की तिला पाणी भरायला उठवतात. नळ पहाटे येतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या दोन वर्षांत हंडा भावाने उचलावा.

शेवटचा विषय कागदपत्रांचा, आणि आम्हाला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. वर्षानुवर्षे पाहतो, क्रमांक मिळवलेला मुलगा जूनमध्ये समितीच्या दारात रांगेत उभा असतो. अर्ज बारावीच्या वर्षात कॉलेजमार्फत करायचा असतो, पण पुराव्यांचा शोध दहावीच्या सुट्टीतच सुरू करावा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात, कारण त्या दिवशी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याआधीचा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा. पणजोबा शाळेतच गेले नसतील तर? मग गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद पाहा. वतनाची जमीन असेल तर तिचा जुना फेरफार पाहा. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, पण नोंदी राहिल्या. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात पडलेला तो कागद तुमच्या मुलाची जागा आहे.

आजोबांच्या दाखल्यावर 'महार' आणि वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' असे असले तर घाबरून जाऊ नये. १९५६ नंतर घरोघरी हेच झालेले आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश केंद्राच्या पातळीवर झाला. पिढ्यांचा संबंध दाखवणारी वंशावळ शपथपत्रावर द्यावी. केंद्राच्या प्रवेशांना जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. तो वेगळा काढावा.

पसंतीक्रम भरताना शेजाऱ्याचे पाहून भरू नका. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. तेव्हा मनापासून हवे तेच पहिले लिहावे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत करावा, आणि वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेची चौकशी करावी.

वेळ संपत आला आहे. दाखल्यांच्या झेरॉक्स ज्यांनी बरोबर आणल्या असतील, त्यांनी सभेनंतर या डाव्या बाजूच्या टेबलापाशी यावे. एकेकाचे कागद पाहू. अभ्यासाबद्दलचे प्रश्न आत्ताच विचारा. मुलींनी आधी.