एकसर जोडलेले घट आणि त्यांचा समतोल



बंगळूरच्या कोरमंगला वसाहतीत विजेवर चालणारी वाहने आता नित्याची झाली आहेत. असे एखादे वाहन वाटेतच थांबते, आणि तपासून पाहावे तर बहुतेक घटांत वीज शिल्लक आढळते. असे का व्हावे, हे याच शहरातील एका मोटारीवरून समजून घेता येईल.

२००१ साली बंगळूरमध्ये ‘रेव्हा’ ही छोटी मोटार विक्रीस आली. तिच्या पुढील आसनांखाली ६ व्होल्टच्या आठ शिसे-अम्ल बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असत. एकीचे धनाग्र दुसरीच्या ऋणाग्रास, अशा क्रमाने ४८ व्होल्ट मिळत. प्रत्येक बॅटरीत तीन घट. म्हणजे चोवीस घटांतून एकच प्रवाह वाहावयाचा. या जोडणीत व्होल्टांची बेरीज होते, क्षमतेची होत नाही. एक घट आधी रिता झाला, तरी उरलेले तेवीस त्याच्यातून प्रवाह रेटीतच राहतात. प्रसंगी त्याची ध्रुवता उलटते आणि तो निकामी होतो.

तरीही शिसे-अम्ल घट मोठा सोशिक. प्रभारण थोडे लांबविले, की भरलेले घट जादा विजेने पाण्याचे विघटन करीत बसतात आणि तेवढ्या अवधीत मागे पडलेले घट भरून येतात. नंतर ऊर्ध्वपातित पाणी घातले, की झाले. घरच्या इन्व्हर्टरची निगा राखणाऱ्यांना हे ठाऊक असतेच.

२००९ मध्ये रेव्हाची लिथियम-आयन घटांवर चालणारी आवृत्ती आली. हा घट हलका खरा, पण त्याला अतिरेक मुळीच सोसत नाही. त्याच्या प्रचलित प्रकारात ४.२ व्होल्टची मर्यादा ओलांडली, तर ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचू लागते आणि आगीचे भय निर्माण होते. अशा तेरा घटांची बेरीज ५४.६ व्होल्ट व्हावयास हवी. परंतु बारा घट ४.१८ व्होल्टवर आणि एक ४.४४ वर असला, तरी बेरीज तीच येते! केवळ एकूण आकडा पाहणारा प्रभारक येथे फसतो.

म्हणून प्रत्येक घटावर स्वतंत्र तार नेऊन त्याचे विभवांतर मोजतात, आणि पुढे गेलेल्या घटातील जादा वीज एका रोधातून उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतात. हे काम संथ असते: ५० मिलिअँपिअरच्या गतीने १ अँपिअर-तासाचा फरक भरून काढण्यास २० तास लागतात. जुन्या रांगेत एखादा नवा घट बसवून देणाऱ्या कारागिराने ही गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी. समतोल साधणारे मंडल घटांना एका पातळीवर आणते. झिजलेल्या घटाची क्षमता ते परत आणू शकत नाही.