पिवळा डबा आणि गृहिणीचे कर्तव्य

(दिघी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



दिघीसारख्या खाडीकाठच्या गावात कालवणाला स्निग्धपणा येतो तो नारळाच्या वाटणातून. साजूक तूप ही कष्टकऱ्यांच्या घरी सणावाराची वस्तू. शहरी मध्यमवर्गात मात्र तूप हे प्रतिष्ठेचे लक्षण होते आणि ते परवडेनासे झाल्यावर त्या उणिवेवरच एक मोठा उद्योग उभा राहिला.

युनिलिव्हरने १९३१ साली भारतात वनस्पती तुपाची कंपनी काढली, मुंबईत शिवडीला कारखाना घातला आणि १९३७ साली 'डालडा' बाजारात आणला. निकेलच्या साहाय्याने तेलाचा हायड्रोजनशी संयोग घडविला की ते तुपासारखे घट्ट होते. हे रसायनशास्त्र सोपे होते. अवघड होते ते गृहिणीचा विश्वास संपादन करणे. त्यासाठी लिंटास या जाहिरात संस्थेने डब्याच्या आकाराची मोटार रस्त्यांवरून फिरविली, लघुपट दाखविले, पदार्थ तळून लोकांना चाखावयास दिले. युद्धोत्तर काळात पाककृतींची पुस्तके निघाली. जाहिरातीतील गृहिणी हसतमुख, पती तृप्त आणि मुले गुटगुटीत!

खरी मेख येथेच आहे. दूध महाग का, वेतन अपुरे का, हे वस्तुतः समाजाचे प्रश्न. जाहिरातीने ते एकट्या आईच्या कर्तव्यात रूपांतरित केले. मूल अशक्त असेल तर दोष तिच्या निवडीचा आणि त्यावरील उपाय दुकानाच्या फळीवर!

या मालाला विरोध झाला नाही असे नव्हे. वनस्पतीवर बंदी घालणारे विधेयक पंडित ठाकुरदास भार्गव यांनी १९५० च्या सुमारास संसदेत मांडले. ते मंजूर झाले नाही. तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती तेवढी झाली. अंशतः हायड्रोजनीकरणातून निर्माण होणारे ट्रान्स फॅट हृदयविकाराला निमंत्रण देते, हे पुढे विज्ञानाने सिद्ध केले. कितीही दक्ष गृहिणी असली तरी बंद डब्यातील हा दोष तिला चुलीपाशी कळणार कसा? तेथे कायदाच हवा. भारतात तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ मध्ये.

गृहिणीचे दुसरे रूप महाराष्ट्राने १९७२ साली पाहिले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. जाहिरातीने जिला एकटी ग्राहक मानले, तिने धान्य, तेल, साखर, रॉकेल यांचा जाब सरकारला संघटितपणे विचारला. स्वयंपाकघरातील चिंता पुन्हा सार्वजनिक झाली.

आज खेडोपाडीच्या दुकानांत बिस्किटांचे पुडे आणि झटपट शेवया टांगलेल्या असतात. आवाहन तेच, आईच्या मायेला. तेव्हा कार्यकर्त्यांनी मातांना उपदेश करू नये. गावच्या रेशन दुकानात काय मिळते, अंगणवाडीत मुलाच्या ताटात काय पडते, याचा हिशेब त्यांच्यासह मागावा.