आपला मान, आपली जबाबदारी


आज बोलू या स्वाभिमानाबद्दल.

कुणी उणं बोललं, की आपण म्हणतो, माझा स्वाभिमान दुखावला.
पण पुष्कळदा दुखावतो तो अहंकार.
अहंकाराला समोरचा माणूस लहान लागतो.
स्वाभिमानाला कुणी लहान लागत नाही.
तो उभा राहतो स्वतःच्या कामावर.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलं ओझर घ्या.
ओझरची शेती वाघाड धरणाच्या कालव्यावर, अगदी शेवटच्या टोकाला.
हक्काचं पाणी तिथवर नीट पोहोचत नव्हतं.

1990 च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे पुढे आले.
त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र केलं.
तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या.

या संस्थांनी ठरवलं, पाणी मोजून घ्यायचं.
पाणीपट्टी आपणच गोळा करायची, आपणच भरायची.
शेतावरचं वाटपही आपणच करायचं.

पुढे साऱ्या वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला.
शेतकऱ्यांनी हक्क मागितला,
आणि जबाबदारीही उचलली.
श्रोतेहो, यालाच स्वाभिमान म्हणायचं.

काही जण म्हणतात, स्वाभिमानी माणूस मदत मागत नाही.
तसं नाही.
ओझरचे शेतकरी एकमेकांच्या मदतीनेच उभे राहिले.
मदत घेण्यात कमीपणा नाही.
आपला वाटा न उचलण्यात आहे.

म्हणून पुन्हा सांगते,
स्वाभिमान म्हणजे दुसऱ्याला कमी लेखणं नव्हे.
स्वाभिमान म्हणजे आपला हक्क ओळखणं आणि आपली जबाबदारी पाळणं.
घरात मुलांनाही हेच शिकवा.